छातीतील नळी, पाण्याची बाटली आणि आपण वैद्य

फुप्फुसाची शस्त्रक्रिया नागपुरात होते. परंतु त्या शस्त्रक्रियेनंतरचे दिवस कळमेश्वर, मोहपा, धापेवाडा, गोंडखैरी येथील घरांत जातात. पूर्वी छातीतील नळी निघाल्यावाचून रुग्णास घरी पाठवीत नसत. आता तसे राहिलेले नाही. फुप्फुसातून हवेची गळती दीर्घकाळ चालू राहिली, अथवा क्षयाचा जुना पू हळूहळू बाहेर पडावयाचा असला, तर नळी तशीच ठेवून, खाली बाटली अथवा पिशवी जोडून रुग्णास घरी सोडले जाते. नातलग ती बाटली घेऊन विसेक किलोमीटरचा रस्ता कापतात आणि दुसऱ्या दिवशी प्रथम कोणाकडे जातात? ओळखीच्या वैद्याकडे, नाहीतर चौकातील औषधाच्या दुकानात. म्हणजे आपल्याकडेच.

असाच एक रुग्ण दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आमच्या चिकित्सालयात आणला गेला. संत्र्याच्या बागेत मजुरी करणारा, चाळिशीचा गृहस्थ. फुप्फुसावरणातील पुवाचे जाड कवच काढण्याची शस्त्रक्रिया झालेली. गाडीतून उतरविला तेव्हा त्याला एक वाक्यही पुरे बोलता येत नव्हते, मानेच्या शिरा फुगलेल्या होत्या, ओठ निळसर. सोबतचा भाचा मात्र समाधानाने सांगत होता, "वैद्यजी, गाडीत पानी सांडत होतं, म्हणून नळीले चांगली गाठ मारून घेतली जी!" आम्ही गाठ सोडली. बाटलीत बुडबुड्यांचा एकच कल्लोळ उठला आणि पाच-सात मिनिटांत रुग्णाचा श्वास खाली बसला. त्याला त्याच गाडीने, बाटली पायांशी ठेवून, पुन्हा नागपुरास पाठविले. आमच्या हातून घडलेली चिकित्सा एवढीच. पण ती गाठ कशासाठी सोडावयाची हे आम्हांस ठाऊक नसते, तर आम्ही त्याला श्वासकुठार दिला असता आणि तो आमच्या बाकावरच गेला असता, हे कबूल करण्यात आम्हांस संकोच वाटत नाही.

या प्रसंगानंतर आम्ही काही वैद्यबंधूंशी बोललो. "तो शस्त्रक्रियेचा विषय, आपला नव्हे," असे बहुतेकांचे म्हणणे पडले. आमचे मत निराळे आहे. नळीला हात घालण्याचा अधिकार ज्याने ती घातली त्याचा. याविषयी वाद नाही. पण बाटलीत काय दिसते आहे ते समजणे, आणि आपल्या औषधाने वा पथ्याने त्या रुग्णाचे नुकसान न होऊ देणे, हे मात्र आपलेच काम आहे. आणि ते आपण आज नीट करीत नाही.

वास्तविक या विषयाची भाषा आपल्याला परकी नाही. सुश्रुताच्या शारीरस्थानात उरःप्रदेशाची मर्मे सांगितली आहेत. हृदयाखेरीज स्तनमूल, स्तनरोहित, अपलाप आणि अपस्तंभ, प्रत्येकी दोन. विद्यार्थिदशेत आपण ती पाठ केली आणि परीक्षेनंतर विसरलो. आता ती पुन्हा उघडून पाहावीत. स्तनमूलाचा वेध झाल्यास कोष्ठ कफाने भरतो, स्तनरोहिताचा झाल्यास रक्ताने. अपलापाच्या ठिकाणी रक्ताचा पू होऊन मृत्यू येतो. अपस्तंभाचा वेध झाल्यास कोष्ठ वायूने भरून कास-श्वासाने रुग्ण जातो. छातीच्या पोकळीत द्रव, रक्त, पू किंवा हवा साठते आणि फुप्फुसास दाबून टाकते, हे आजचे शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेनंतर ज्या चार गोष्टींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात त्यांचेच वर्णन होय. त्या चारही गोष्टी आज बिछान्याखालच्या बाटलीत डोळ्यांनी दिसतात.

यावरून कोणी "छातीतील नळीही आमच्याच ग्रंथात आहे" असे भाषण ठोकू नये. तसे नाही. सुश्रुताने या अवस्थांचा शेवट मृत्यूत सांगितला, नळीत नव्हे. नाडीयंत्रे वीस सांगितली, दकोदरात नाभीखाली डाव्या बाजूस व्रीहिमुख शस्त्राने वेध करून दोन तोंडांची नाडी घालून जल काढण्याचा विधीही सांगितला. पण तो उदराचा. उदर उघडे राहिले तरी श्वास थांबत नाही. छाती उघडी राहिली तर थांबतो. हा भेद ओलांडावयास जगाला फार काळ लागला. मात्र त्या दकोदराच्या विधीत एक सूचना अशी आहे की तिच्यापुढे आम्ही आजही हात जोडतो. सर्व जल एकाच दिवशी काढू नये. काढल्यास तृष्णा, ज्वर, अंगमर्द, अतिसार, श्वास, कास असे उपद्रव होतात. म्हणून तीन, चार, पाच अशा वाढत्या रात्रींच्या अंतराने थोडे थोडे काढावे. छातीत पुष्कळ दिवस साठलेले पाणी एकदम काढले तर दबलेले फुप्फुस झटक्याने उघडून त्यातच पाणी भरते व रुग्ण खोकत खोकत गुदमरतो, हे आधुनिक शास्त्रही सांगते. म्हणून एका वेळी एक ते दीड लिटरच्या पुढे सहसा जात नाहीत. कारणे वेगळी, अवयव वेगळा; निरीक्षकाची सावधगिरी तीच.

बाटलीतील पाण्याचे प्रयोजन काय, हे नातलगांना आपण दोन वाक्यांत सांगू शकलो पाहिजे. नळीचे खालचे टोक पाण्यात सुमारे दोन सेंटिमीटर बुडालेले असते. छातीतील हवा त्या पाण्यातून बुडबुडा होऊन बाहेर पडते. पण बाहेरची हवा पाण्याच्या आडोशामुळे आत जाऊ शकत नाही. एवढी साधी युक्ती, पण ती १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये प्लेफेअर आणि जर्मनीत ब्यूलाऊ यांच्या हातून रूढ होऊ लागली आणि तिचे खरे महत्त्व पटावयास १९१८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेच्या सैनिकी छावण्यांत न्यूमोनियानंतर छातीत पू होऊन शेकडो तरुण सैनिक मरत होते. शल्यचिकित्सक घाईने फासळीजवळ छेद घेऊन छाती उघडी टाकीत आणि मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास जाई. इव्हार्ट्स ग्रॅहॅम ज्यात होते त्या समितीने दाखवून दिले की रोगाच्या तीव्र अवस्थेत छाती उघडू नये, बंद पद्धतीनेच पू काढावा. ते पाळल्यावर प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास उतरले. औषध तेव्हा कोणतेच नव्हते, पेनिसिलिनही नव्हते. फरक पडला तो हवा आत न जाऊ देण्याने. याच ग्रॅहॅम यांनी १९३३ साली कर्करोगासाठी एका बाजूचे संपूर्ण फुप्फुस यशस्वीपणे काढले.

आता बाटली कशी वाचावी ते सांगतो. रुग्ण श्वास आत घेतो तेव्हा नळीतील पाणी वर चढते, सोडतो तेव्हा उतरते. हे हेलकावे दिसत असतील तर नळी मोकळी आहे. हेलकावे थांबले तर दोन शक्यता: फुप्फुस पूर्ण फुलले, किंवा नळी मुडपली वा गुठळीने बुजली. रुग्ण सुखात असेल तर पहिली, धापा टाकत असेल तर दुसरी समजावी. तेव्हा अंथरुणाखाली, पाठीखाली नळी दबली आहे का हे पाहावे आणि ती मोकळी करावी. नळी पिळून, ओढून 'दोहन' करण्याचा उत्साह कोणी दाखवू नये. त्याने आत एकाएकी मोठे ओढ बसून इजा होऊ शकते. खोकल्याबरोबर चार बुडबुडे येणे म्हणजे फुप्फुसातून थोडी हवा गळते आहे. अखंड बुडबुडे येत असतील तर गळती मोठी आहे किंवा जोड सैल झाला आहे. आणि बुडबुडे येत असताना नळीला गाठ, चिमटा, काहीही लावणे म्हणजे बाहेर पडू पाहणाऱ्या हवेला छातीत कोंडणे होय. त्या भाच्याने केले ते हेच.

बाटली सदैव छातीच्या खाली, जमिनीवर, उभी असावी. गाडीत चढविताना ती खांद्यावर घेतली की बाटलीतील पाणी छातीत परत जाते. आमच्याकडच्या वैशाखात आणखी एक गोष्ट घडते, जी नागपूरच्या वातानुकूलित कक्षात कोणास सुचत नसावी: स्राव थांबला आहे पण हवा गळते आहे अशा रुग्णाची बाटली दिवसभर कूलरच्या झोतात राहिली की पाण्याची पातळी उतरते, आणि नळीचे टोक उघडे पडले तर सारा बंदोबस्त फुकट जातो. बाटलीवर पट्टी चिकटवून पातळीची खूण करावी व रोज सकाळी पाहावी.

स्रावाच्या रंगाकडे वळू. पहिल्या दिवसांत लालसर, मग फिकट पिवळा होत जाणे हा स्वाभाविक क्रम. फिकट झालेला स्राव पुन्हा गडद लाल झाला, किंवा तासाला २०० मिलिलिटरच्या हिशोबाने रक्त येऊ लागले, तर औषध शोधत बसू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. दुर्गंधी, गढूळपणा आणि ज्वर एकत्र आले तर पू. दिवसाचा स्राव किती उरला म्हणजे नळी काढावी याचे आकडे बदलत आले आहेत; पूर्वी १००-२०० मिलिलिटरची मर्यादा धरीत, २००८ साली अमेरिकेतील सर्फोलिओ यांनी ४५० मिलिलिटरपर्यंतही ती सुरक्षितपणे काढता येते असे दाखविले. तेव्हा "अजून इतके पाणी येते आहे आणि डॉक्टरांनी नळी काढली!" अशी तक्रार घेऊन आलेल्या नातलगांच्या सुरात आपण सूर मिसळू नये.

आणि दुधासारखा पांढरा स्राव. येथे आम्हांस आमचीच चूक सांगावी लागेल. फुप्फुसाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेली एक वृद्ध माता नळीसह घरी आली होती. रुग्णालयात तिने जेमतेम पेज घेतली होती. बल्य म्हणून आम्ही सकाळ-संध्याकाळ दूध, भातावर दोन चमचे तूप आणि च्यवनप्राश सांगितला. तिसऱ्या दिवशी बाटलीतील स्राव पांढरा झाला आणि दुप्पट वाढला. आम्ही पू समजलो. पण ताप नव्हता, वास नव्हता. शल्यचिकित्सकांना दूरध्वनी केला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तूप सुरू केलंत का?" आहारातील स्नेह आतड्यांतून ज्या वाहिनीने वर चढतो ती छातीतून जाते. शस्त्रक्रियेत, विशेषतः ग्रंथी काढताना, तिला सूक्ष्म इजा झाली असेल तर रुग्ण उपाशी असेतो काही कळत नाही. स्नेह पोटात गेला की तो दूध होऊन छातीत उतरतो. त्यासोबत प्रथिने आणि शरीराचे बळही वाहून जाते. या अवस्थेत पहिला उपाय म्हणजे स्नेह बंद. आपल्या शास्त्राच्या भाषेत आहाररसच छातीत गळत असतो, आणि आपण वरून तूप ओतत असतो! त्या मातेची नळी पुढे दोन आठवडे राहिली. तेव्हापासून छातीत नळी असलेल्या कोणत्याही रुग्णास आम्ही बाटली पाहिल्याशिवाय आणि शल्यचिकित्सकांना विचारल्याशिवाय घृत सांगत नाही. सर्वच रुग्णांना तूप वर्ज्य, असा अर्थ कृपया काढू नये. बहुतेकांना ते हितकरच असते.

औषधांच्या बाबतीतही आपला हात थोडा आखडता हवा. खोकला दिसला की थांबविण्याची सवय आपल्याला आहे. दुकानदार बंधूंना तर ग्राहकच मागतो. येथे खोकला शत्रू नाही. खोकल्यानेच छातीतील हवा व द्रव नळीतून बाहेर लोटले जातात आणि फुप्फुस फुलते. कोडीनयुक्त सिरप देऊन त्याला झोपविले तर कफ आत साठतो. रुग्णाने उशी छातीशी घट्ट धरून खोकावे, दुखत असेल तर डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी चुकवू नये. कोरडे सितोपलादी घशात उडून उबळ आणते, द्यावयाचे तर मधात कालवून. शिवाय क्षयाची औषधे चालू असलेल्या रुग्णात पिंपळीचा विचार वेगळा करावा लागतो. पिंपळीतील पायपरिनामुळे रिफॅम्पिसिन शरीरात अधिक शोषले जाते. जम्मूच्या संशोधन संस्थेच्या कामातून २००९ साली बाजारात आलेल्या संयुक्त औषधात रिफॅम्पिसिन ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम आणि पायपरिन केवळ १० मिलिग्रॅम आहे. योगवाही म्हणून आपण जिचा गौरव करतो ती खरोखरीच योगवाही आहे. म्हणूनच ती दिल्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळविले पाहिजे.

नळीच्या मुखाशी लेप, हळद, तेल नको. छातीला अभ्यंग-स्वेदन नळी निघून जखम भरेपर्यंत नको. कपालभाती, भस्त्रिका, कुंभक तर मुळीच नको. कपालभातीच्या अतिरेकाने निरोगी तरुणीच्या छातीत हवा शिरल्याची नोंद 'चेस्ट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली प्रसिद्ध झाली आहे. शिवलेल्या फुप्फुसाची गोष्ट तर दूरच. त्याऐवजी रुग्णालयातून दिलेले तीन गोळ्यांचे श्वसनयंत्र सावकाश ओढावयास लावावे. ते घरात कपाटावर ठेवलेले असते, हा आमचा अनुभव. मान, गाल वा छातीची त्वचा फुगून बोटाखाली पापड चुरल्यासारखी वाजू लागली तर हवा त्वचेखाली शिरते आहे, ताबडतोब परत पाठवावे.

औषधालय-मालकांसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. बाटली फुटली किंवा पिशवी भरली की नातलग काउंटरवर येऊन "छातीची पिशवी द्या" म्हणतात, ती नसते, आणि मग मूत्राची युरोबॅग हाती पडते. दिसावयास सारखीच. पण युरोबॅग बंद असते. हवा गळणाऱ्या रुग्णास ती लावली की फुगून टणक होते, आणि मग हवा जाणार कोठे? तसेच हाइमलिख यांच्या नावाची एकदिशा झडप असते, ती उलट जोडली गेली तर हवा बाहेर पडण्याची वाट पूर्ण बंद होते. ही दोन्ही साधने चिठ्ठी व नमुना पाहिल्यावाचून विकू नयेत. बाटली फुटल्यास तात्पुरता उपाय म्हणजे कोणत्याही स्वच्छ बाटलीत स्वच्छ पाणी घेऊन नळीचे टोक दोन सेंटिमीटर बुडविणे व बाटलीचे तोंड उघडे ठेवणे. नळीच निसटून आली तर स्वच्छ जाड गॉजने छिद्र दाबून तीन बाजूंनी चिकटपट्टी लावावी, चौथी मोकळी ठेवावी, आणि निघावे. बाटलीत डेटॉल, फिनेल घालण्याचा सल्ला काउंटरवरून दिला जातो, तो बंद व्हावा.

नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने शल्यतंत्राच्या ३९ व शालाक्यतंत्राच्या १९ शस्त्रक्रियांची सूची प्रसिद्ध केली तेव्हा मोठे वादळ उठले. ११ डिसेंबरला इंडियन मेडिकल असोसिएशनने देशभर काम बंद ठेवले. आपणही सभा घेतल्या, निवेदने दिली. शस्त्र कोणी धरावे यावर दोन्ही बाजूंनी इतके बोलले गेले. शस्त्रक्रिया झाल्यानंतर मोहप्याच्या एका खोलीत कूलरशेजारी ठेवलेली बाटली कोण पाहणार, हा प्रश्न मात्र कोणीच विचारला नाही. आम्हांसही तो तेव्हा सुचला नव्हता.

आमची सूचना अशी आहे. संघटनेच्या पुढील तालुका बैठकीत व्याख्यानाऐवजी एका अनुभवी परिचारिकेस आणि फिजिओथेरपिस्टना बोलवावे. टेबलावर पाणी भरलेली बाटली, नळी, एकदिशा झडप, युरोबॅग आणि तीन गोळ्यांचे यंत्र ठेवावे. प्रत्येकाने नळीत फुंकून बुडबुडा पाहावा, ओढून पाणी वर चढलेले पाहावे. तासाभराचे काम आहे. औषधालय-मालकांनी येताना आपल्या दुकानात 'छातीची पिशवी' म्हणून जे काही विकले जाते त्याचा एकेक नमुना सोबत आणावा.